शालूवाचून नवरी

मैत्रिणींनो, गेल्या अंकात कुरडयांसाठी गहू किती दिवस भिजवायचे यावर लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांच्या शेवटी जवळजवळ एकच ओळ होती, 'घरात लग्न निघाले आहे, बस्त्याबद्दल काहीतरी लिहा ना.' तेव्हा आज वाळवणे बाजूला ठेवू.

बस्ता म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे गुलमंडीवरच्या दुकानातली ती पांढरी गादी येते. दोन्हीकडची मिळून पंधरा माणसे, मध्ये चहाचे कप, दुकानदार 'ताई हा बघा, ताई हा बघा' म्हणत घडीवर घडी उलगडतोय, आणि जिच्यासाठी हे सारे चालले आहे ती मुलगी कोपऱ्यात मुकाट बसलेली. तिला कोणी विचारीत नाही. विचारलेच तर 'तुमच्या पसंतीने' असे म्हणायचे असते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने मात्र तोंड उघडले. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, जालन्याला बँकेत नोकरी करते. मुलगा तिने पसंत केलेला, घरच्यांनाही आवडलेला, आणि लग्न नोंदणी पद्धतीने करायचे दोघांनी ठरवलेले. इथपर्यंत सगळे सुरळीत होते. अडले ते शालूवर. एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, मला शालू नको. पाच हजारांत बसेल आणि पुन्हा नेसता येईल असं काहीतरी हवंय. तू चल माझ्याबरोबर. आई आली तर मला बोलूच देणार नाही."

मी म्हटले, "अगं, पण तुझ्या आईनं तर शालूचे पैसे बाजूला काढून ठेवलेत."

"काढून ठेवलेले नाहीत, बचत गटातून उचललेत. पंचवीस हजार. महिना दोन टक्क्यांनी. मावशी, मी बँकेत रोज हेच आकडे करते गं. वर्षाला सहा हजार नुसतं व्याज. बाबांच्या कापसाचं यंदा काय झालं ते तुला माहीतच आहे. आणि दादाची फी अजून भरायचीय."

यावर मी काय बोलणार? तरी ताईची बाजूही मला कळत होती. फोनवर ती मला म्हणाली होती, "लोक काय म्हणतील ते मी सोसीन. पण एकुलती एक पोर, तिला मी साध्या लुगड्यात उभी करू?" हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या पिढीच्या आयांना मुलीला शालू नेसवता आला म्हणजे आपण संसार नीट केला असे वाटते.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण पुष्कळजणींनी ती विचारली आहे. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. त्याप्रमाणे दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिला आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, मग तीस दिवस थांबायचे, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचे. नवरीने काय नेसावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. कागदपत्रे आणि वेळेवर येणारे तीन साक्षीदार एवढे सांभाळा. (आमचा एक साक्षीदार रिक्षात अडकला तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.)

आणि साध्या वस्त्रातले लग्न ही काही आजकालच्या मुलींची टूम नव्हे. सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न पुण्यात १८७३ च्या डिसेंबरात लागले, सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकाराने आणि अगदी नाममात्र खर्चात. १९४२ साली इंदिरा नेहरूंच्या लग्नात त्यांची साडी होती खादीची, जवाहरलालांनी तुरुंगात कातलेल्या सुताची. त्या घरात शालूला पैसे नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

तर आम्ही दोघी निघालो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (नाव २०२३ साली बदलले, आमच्या आईच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे) बस्त्यासाठी माणूस पैठण गेटपाशी उतरतो आणि टिळक पथाने चालत गुलमंडीला येतो. आम्हीही तेच केले. मुद्दाम मंगळवारी दुपारी गेलो. रविवारी किंवा लग्नाच्या दाट तिथींच्या आधी गेलात तर दुकानदाराला तुमच्याशी बोलायला सवड नसते, आणि बोलणे झाल्याशिवाय स्वस्त चांगली वस्तू पुढे येत नाही.

पहिल्याच दुकानात, त्याचे नाव नको, आम्हाला साडेचार हजारांची 'अस्सल हातमागाची पैठणी' दाखवली. जांभळी, पदरावर मोर, दिसायला देखणी. भाची विरघळायला आली होती. मी पदर उलटा केला. मागच्या बाजूला मोराच्या पोटाशी कापलेल्या दोऱ्यांचे झुबके लोंबत होते. मैत्रिणींनो, एवढी खूण पक्की लक्षात ठेवा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत पदराची आणि काठाची नक्षी विणकर एकेक रंगाचा धागा हाताने गुंतवून विणतो, त्यामुळे ती उलट-सुलट दोन्हीकडून सारखीच दिसते. मागे धागे लोंबत असतील तर साडी यंत्रावरची. यंत्रावरची घेण्यात पाप नाही, ती छान दिसते, परवडते. पण ती तिच्या भावात घ्यावी. अस्सल पैठणी पाच आकड्यांच्या खाली सहसा येत नाही, आणि हवीच असेल तर आपल्यापासून पैठण पन्नास-एक किलोमीटरवर आहे. तिथे सरकारी केंद्रात माग चाललेले बघायला मिळतात. एकदा बघून या. एका साडीला महिनेच्या महिने का लागतात ते डोळ्यांनी पाहिले की घासाघीस करायला जीभ उचलत नाही.

दुसऱ्या दुकानात भाड्याचा शालू मिळतो असे कळले. एका दिवसाचे भाडे, वर अनामत रक्कम. भाची थोडा वेळ विचार करीत उभी राहिली, मग म्हणाली, "नको. दिवसभर डाग पडेल म्हणून जीव मुठीत धरून बसायचं." मला तेव्हा हे बोलणे थोडे आढ्यतेचे वाटले. भाड्यात काय वाईट आहे? पुष्कळजणींची त्यात सोय होते. पण या बोलण्याचा मला पुढे एक वेगळाच पडताळा आला, तो सांगतेच.

तिथून रिक्षाने आम्ही जाफर गेटला गेलो, हिमरू बघायला. गावातले असून आपण हिमरू बघत नाही, पर्यटक बघतात. वेरूळला जाणाऱ्या गाड्या या दुकानांपुढे थांबतात आणि आपण नाक मुरडून पुढे जातो. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमाची नक्षी. सरदार-अमीर किनखाप वापरीत, त्याच्या सारखे दिसणारे पण सुतामुळे परवडणारे असे हे कापड. नावाचा अर्थही 'सारखे' असाच सांगतात, फारसीतला. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर बरोबर आले आणि राहिले, अशी त्याची कहाणी. नवाबपुऱ्यात, जाफर गेटपाशी एके काळी माग खडखडत असत. आता हातमाग मोजकेच उरलेत, आणि दुकानातले पुष्कळसे कापड यंत्रमागाचे नि कृत्रिम रेशमाचे असते. सरळ विचारा, दुकानदार सांगतो. आम्ही घेतले तेही यंत्रमागाचेच, हे मी लपवीत नाही. डाळिंबी रंगावर सोनेरी बदामाची नक्षी, एक मीटर, सातशे रुपये. हातमागाचे याहून बरेच महाग होते.

भाचीच्या मनात कल्पना अशी, की पोलके हिमरूचे भरगच्च असू द्यावे आणि साडी साधी. म्हणजे फोटोत चेहऱ्याजवळ झळाळी येते आणि बाकी अंगावर ओझे नाही. मला हे पटले. वैशाखातले आमचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्यात जरीचा शालू नेसलेली नवरी पाहिली की मला आधी तिला पंखा घालावासा वाटतो.

आता साडी. गुलमंडीत, सिटी चौकात साड्या काय कमी आहेत? पण जी दाखवतील ती 'ब्रायडल', तिच्यावर खडे, टिकल्या नि चकचकीत लेस. चार वाजले, दोघींचे पाय दुखायला लागले. शहागंजच्या बाजूला एका जुन्या लहानशा दुकानात आम्ही खरे तर पाणी प्यायला टेकलो. ते दुकान नऊवारींचे. गिऱ्हाइके सगळी आजीबाई. आणि फळीवर ओळीने इरकली.

इरकल कुणाला माहीत नाही? मराठवाड्यातल्या घरोघरच्या आज्या इरकल नेसून शेतात गेल्या, इरकल नेसून पंढरीला गेल्या. म्हणूनच ती लग्नाची असू शकते हे आपल्या डोक्यात येत नाही. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून ती येते. तिची खुबी पदरात असते. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्हींची टोके एकमेकांत फाशांनी अडकवून पुढे विणतात. त्यामुळे पदर जोडलेला आहे हे हाताला कळत नाही. पदर तांबडाभडक आणि त्यावर पांढरी नक्षी.

भाचीने पहिल्यांदा उचलली ती काळी. तांबड्या काठाची काळी इरकल, काय सांगू, अशी उठून दिसत होती! इथे मात्र मीच कचरले. म्हटले, "बाई, सगळं मोडू, पण काळं नको. तुझ्या आजीला काय सांगू?" तिने माझ्याकडे पाहिले, हसली, आणि ती ठेवून गर्द हिरवी उचलली. मी उगाच अडवले का, हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही. हिरवी सहावारी होती, तोच तांबडा पदर, गोमी काठ. दोन हजार सहाशे पन्नास. दुकानदारआजोबांनी विचारले, "आजीसाठी का?" भाची म्हणाली, "नाही, माझ्या लग्नासाठी." त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि पन्नास रुपयांची घासाघीस न करता वर एक रुमाल दिला.

मग आला खरा प्रसंग. संध्याकाळी ताई आमच्याकडे आली होती, आईही होतीच. साडी उलगडून पलंगावर ठेवली. ताईने हात लावला नाही. "ही?" एवढेच म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. भाचीही रडायला लागली. माझ्या नवऱ्याने शहाणपणाने गच्चीचा रस्ता धरला.

आई तोवर काही बोलली नव्हती. तिने इरकलीचा पदर हातात घेऊन बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "माझ्या लग्नातला शालू तुम्ही कोणीच नाही पाहिला. पाहणार कुठून? तो माझा नव्हताच."

आईचे लग्न १९७३ च्या उन्हाळ्यातले, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातले. वऱ्हाडाला मिलोच्या भाकरी वाढल्या, हे आम्हाला माहीत होते, ती हसत हसत सांगते. शालूचे तिने कधी सांगितले नव्हते. गावातल्या एका मोठ्या घरून तो एका दिवसापुरता मागून आणलेला. "दिवसभर मी हात असे वर धरून बसले," आईने हात धरून दाखवले. "तरी कुंकवाचा डाग पडलाच, एवढा, नखाएवढा. मग त्यापायी माझ्या आईनं सहा महिने त्या घरचं दळण-कांडण केलं, दिवसभर खडी फोडून आल्यावर. माझी म्हणायला एकच होती. मामानं दिलेली पिवळी. सुती, साधी. ती मी फाटेस्तोवर नेसले." मग ताईकडे बघून, "तुझी दुपटी तिचीच केली होती."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून माझ्या लग्नात तू शालूसाठी अडून बसलीस."

"हो. आणि तू तो किती वेळा नेसलीस?"

दोनदा. मला ठाऊक आहे, कारण ताईचा शालू गेली कित्येक वर्षे ट्रंकेत आहे आणि घडीवर जर तुटून चिरा पडल्या आहेत.

मैत्रिणींनो, आईने उल्लेख केलेली ती पिवळी म्हणजे काही घरांत जिला अष्टपुत्री म्हणतात ती. मामाकडून येते, गौरीहर पुजताना नेसतात. तिच्यापुढे शालू थाटाचा खरा, पण तो मुळात बनारसचा पाहुणा. आपल्या लग्नातले रीतीचे वस्त्र ही साधी सुती पिवळीच आहे, आणि ती आजही पाच-सहाशे रुपयांत मिळते. माझ्या भावाने ती भाचीला दिली. हळद तिने पिवळीत लावून घेतली आणि विवाह अधिकाऱ्यापुढे इरकल नेसून सही केली. बचत गटाचे पैसे ताईने दुसऱ्याच आठवड्यात परत भरले. नाखुशीने भरले, हेही सांगते. "एक तरी दागिना घाल माझा," म्हणून आपल्या हातातल्या पाटल्या तिने लेकीच्या हातात चढवल्या.

आता उपयोगाचे. हिमरूच्या उलट्या बाजूला धागे मोकळे सुटलेले असतात, ते बांगड्यांत, अंगठीत अडकतात. पोलक्याला आतून मऊ सुती अस्तर हवेच. कापड कडांना भराभर उसवते, तेव्हा शिंप्याला शिवणीत माया जास्त ठेवायला सांगा आणि कडा इंटरलॉक करून घ्या. आमच्या पहिल्या शिंप्याने अस्तराशिवाय शिवायचे कबूल केले होते, म्हणून आम्ही कापड उचलून दुसऱ्याकडे गेलो. इरकल नवी असताना कडक असते. लग्नाआधी घरात दोन-तीनदा तास-दोन तास नेसून वावरा, म्हणजे निऱ्या अंगासरशा बसतात. पहिल्यांदा एकटीच, गार पाण्यात, रिठ्याने धुवा. तांबडा पदर रंग सोडू शकतो, तेव्हा त्याचे टोक आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, आणि वाळवताना सावलीत घाला.

जमाखर्चही देते, पत्रांतून मागण्याआधीच. साडी २,६५०, हिमरू ७००, अस्तरासकट शिलाई ६५०, फॉल-पिको १३०, हिरव्या काचेच्या बांगड्या १२०. एकूण ४,२५० रुपये. उरलेल्या साडेसातशेत नवऱ्या मुलासाठी त्याच डाळिंबी हिमरूचे उपरणे आले.

ज्यांच्या ट्रंकेत ताईसारखा शालू पडून आहे त्यांनी तो आज बाहेर काढा. घडी बदलून, धुतलेल्या मऊ सुती पंचात गुंडाळा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी पुन्हा बदला. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते. अंग विरले असेल आणि काठ-पदर शाबूत असतील तर ते उसवून नव्या साध्या रेशमावर बसवून मिळतात. लेकीच्या लग्नासाठी हीसुद्धा एक सुंदर वाट आहे. आमच्या ताईच्या शालूचे तेच करायचे चालले आहे, फक्त रंग कोणता घ्यावा यावर मायलेकींचे अजून एकमत नाही.

इरकल सध्या भाचीकडे नाही. गौरीच्या जेवणाला म्हणून ताईने ती मागून नेली, नंतर दसऱ्याला नेसली, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही नेसली. भाची परवा फोनवर विचारीत होती, "मावशी, आईला साडी परत दे म्हणून तूच सांगतेस का?"